स्लीपनंतर वायफाय गायब होतंय, पण कार्ड लगेच बदलू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप स्लीपमधून उठवला की वायफायचं चिन्हच दिसत नाही, रिस्टार्ट केलं की परत येतं, आणि त्याच राउटरवर मोबाईल मस्त चालतो. मग राउटरला हात लावू नका, आणि दुकानवाला वायफाय कार्ड (लॅपटॉपच्या आतला वायफाय पकडणारा भाग) बदला म्हणतोय ते पण आत्ता नको. रिस्टार्टला दर वेळी उठणारं कार्ड बहुतेक वेळा चांगलं असतं.

होतं काय, की बॅटरी वाचवायला विंडोज कार्डाची वीज कमी करतं आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, गडबडलेला असला की ते परत जागंच होत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायवाल्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाका. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तो टॅबच नसतो, घाबरू नका, मग थेट ड्रायव्हर बघायचा. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेल नंबरचाच घ्या, भलत्या साइटवरचे ड्रायव्हर अपडेटर अजिबात नकोत. नेट नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळतं, तेवढ्यापुरतं भागतं. आणि हा त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर रोल बॅक ड्रायव्हर, म्हणजे आधीचा जुना ड्रायव्हर परत आणणं, ते आधी करून बघा.

अजून एक, नुसतं शटडाउन करून उपयोग नाही, फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप लवकर सुरू व्हावा म्हणूनची विंडोजची सोय) चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

आणि नेट जातं तेव्हा बाजूला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असते का तेही बघा, कारण माझे दोन दिवस त्यात गेलेत, मी राउटरचे चॅनल बदलत बसलो होतो आणि दोष होता डिस्कच्या केबलचा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये घुसतो, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर पेपर काढलाय. डिस्क लांबच्या पोर्टला लावली, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला, संपलं.

एवढं करूनही रिस्टार्टनंतरसुद्धा कार्ड दिसेनासं झालं, तर मात्र कार्ड किंवा त्याचा स्लॉट खराब असू शकतो. पैसे देण्याआधी कार्ड बोर्डावर सोल्डर केलंय की सुटं निघतं ते विचारा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर प्रॉपर्टीजमध्ये एरर कोड १० लिहिलाय की ४३ ते मॉडेल नंबरसकट कळवा, पुढचं बघू.