कन्सोल कधीच न घेणाऱ्या माणसापर्यंत गेम कंपनी पोहोचते कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : निन्टेंडो, सोनीसारख्या कंपन्या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या, धंद्यात इतकी वर्षं असूनही मोबाइल, सिनेमा, थीम पार्क यांत का उतरतात, आणि कन्सोल न घेणारा माणूस त्यांना गिऱ्हाईक म्हणून मिळतो कसा? मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टसाठी हवं आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

प्रोजेक्टवाले प्रश्न मी एरवी सोडून देते. हा सोडून देता आला नाही, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून माझं एका माणसाशी २००६ साली भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

'का'चं उत्तर फार खोल नाही. चाळीस-पन्नास हजारांचं यंत्र टीव्हीखाली आणून ठेवणारी घरं मोजकीच असतात आणि ती या कंपन्यांनी आपसात कधीच वाटून घेतली आहेत. धंदा वाढवायचा तर जे घर यंत्र घेणार नाही त्या घरात शिरावं लागतं. एवढं तुमच्या पुस्तकात असेलच. 'कसा' हे मात्र मला पुस्तकात मिळालं नाही, लालबागच्या चाळीत मिळालं.

मी तेव्हा अंधेरीत मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत पोर्टिंगला होते. ऑपरेटरला एसएमएस करून पन्नास रुपयांना गेम उतरवायचा तो काळ, आणि त्या पन्नासातला मोठा वाटा ऑपरेटरचाच. पोर्टिंग म्हणजे एकच जावा गेम शे-दीडशे वेगवेगळ्या हँडसेटवर चालता करायचा. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, बटणं वेगळी, मेमरी वेगळी. नोकियाच्या कित्येक सेटवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे, चित्रं, आवाज, कोड सगळं धरून. जागा कमी पडली की आधी आवाज जायचा, मग ॲनिमेशनच्या फ्रेम जायच्या, मग मेनूतल्या शब्दांवर कात्री. 'कंटिन्यू' लिहायला १२८ पिक्सेलच्या स्क्रीनवर जागा नसे, म्हणून त्याचं 'कॉन्ट.' व्हायचं. आमच्या खणात मार्करने नंबर टाकलेले सेट असत आणि प्रत्येकाचं पाचचं बटण घासून पांढरं पडलेलं असे.

माझा एक जुना, रंगीत स्क्रीनचा नोकिया मी आईला दिला होता, फोन घ्यायला-करायला. त्यात आमचाच एक गेम राहून गेला होता, रंगीत खडे जुळवायचा. मी तिला त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी लवकर घरी आले तर आई गॅलरीत खांबाला टेकून बसलेली, फोन डाव्या तळहातावर झोपवलेला, आणि दारावरची बेल दाबावी तशी उजव्या तर्जनीने एकेक बटण दाबतेय. शेजारच्या काकू मेथी निवडता निवडता सांगतायत, "अगं तो हिरवा खाली घे, हिरवा." मी जिन्यातच उभी राहिले.

टप्पा संपला. स्क्रीनवर चांदण्या आल्या आणि खाली डाव्या कोपऱ्यात 'कॉन्ट.' आईने फोन बाजूला ठेवला आणि मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

"थांबलीस का गं?"

"समोरचा पिंट्या शाळेतून आला की पुढचं लावून देतो. मग उद्या."

रोज हेच चाललं होतं. चाळीस टप्प्यांचा गेम आई दिवसाला एक टप्पा या वेगाने खेळत होती, कारण कोपऱ्यातला तो शब्द आणि त्याच्याखालचं बिननावाचं बटण यांचा एकमेकांशी संबंध आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आई सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावून वाचायची. पण 'कॉन्ट' असा शब्दच नाही, तर ती लावणार काय? खडे कसे जुळवायचे, पुढची चाल कशी ताडायची, हे सगळं तिचं तिने शोधलं होतं. अडली ती आम्ही जागा वाचवायला छाटलेल्या एका शब्दापाशी.

सोमवारी मी तो शब्द काढून तिथे बाणाचं चित्र टाकलं. त्या सेटांवर जावा गेममध्ये देवनागरी भरवशाने उमटत नसे, म्हणून शब्दच नको म्हटलं. दोनशे बाइटांच्या आत काम झालं. तो नवा बिल्ड, म्हणजे गेमची बदललेली आवृत्ती, आईच्या फोनवर टाकला आणि चार दिवसांत तिने चाळिसावा टप्पा पार केला. मग काकूंनी फोन मागून नेला, आणि आईचे फोन दोन दिवस काकूंच्या घरी वाजत होते.

मी हे आमच्या लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, सांगितलं. तो म्हणाला, "बायका गेम खेळत नाहीत." पुरावाही होता त्याच्याकडे. मार्केटिंगवाल्यांनी स्टेशनांबाहेर आणि मॉलमध्ये उभं राहून लोकांना विचारलं होतं, तुम्ही मोबाइलवर गेम खेळता का? बायका नाही म्हणाल्या होत्या. आपला गिऱ्हाईक कॉलेजचा पोरगा, त्याला क्रिकेट आणि बाइक द्या, असा निकाल. माझा बाण काढून टाकून जुना बिल्ड गेला.

त्या रात्री आईला मी तोच प्रश्न विचारला. "छे गं, मी कुठे गेम खेळते? वेळ जात नाही म्हणून बघते जरा." फोन तिच्या हातातच होता.

त्याच वर्षाच्या शेवटी निन्टेंडोने वी नावाचा कन्सोल बाजारात आणला. वीबद्दल लोक हाताची हालचाल ओळखणाऱ्या मोशन सेन्सरचं कौतुक करतात. मला त्यातलं मोठं वाटतं ते हे, की त्यांनी कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा केला. दहा-बारा बटणांचा तो दोन हातांनी धरायचा कंट्रोलर पाहिला की न खेळणारा माणूस हात मागे घेतो. चुकलो तर चारचौघांत हसं होईल, ही भीती असते. रिमोट मात्र घरातल्या आजीनेही हातात धरलेला असतो. जपान सोडून बहुतेक देशांत बोलिंग-टेनिसचा गेम यंत्राबरोबरच दिला. हात फिरवला की चेंडू जातो, शिकवायला पिंट्या लागत नाही. वी १० कोटींवर विकला गेला. त्याच्याआधी डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर त्यांनी मेंदूला व्यायाम देणारा गेम काढला होता, तोहोकू विद्यापीठातल्या प्राध्यापक कावाशिमांच्या नावाने. त्यात डीएस पुस्तकासारखा उभा धरायचा आणि पेनने उत्तर लिहायचं. गेम न खेळणाऱ्या प्रौढ माणसाला पुस्तक धरायची सवय असते, एवढाच विचार. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता उघडपणे सांगत की गेम खेळणाऱ्यांची संख्या वाढवणं हेच आमचं धोरण आहे. क्योटोत १८८९ साली पत्ते बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी ती; पत्ते सगळं घर खेळतं, हे त्यांच्या मुळातच असावं.

तर माझं मत हे : प्रेक्षक वाढवणं म्हणजे आहे तोच माल जास्त दुकानांत ठेवणं नव्हे. पहिल्या मिनिटाला नवा माणूस कुठे अडतो आणि कुठे लाजतो ते शोधून ती जागा मोकळी करणं. बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

याच मापाने पुढचं बघा. मार्च २०१५ मध्ये निन्टेंडोने डीएनए कंपनीबरोबर मोबाइलवर यायचं जाहीर केलं. त्याच जुलैत इवाता गेले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध पात्राचा, मारिओचा, मोबाइल गेम सुपर मारिओ रन आला. मारिओ आपला आपण पळतो, तुम्ही एका बोटाने फक्त उडी मारायची. लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने खेळता येईल असा. पहिली अडचण अचूक काढली होती. पण सुरुवातीचे थोडे टप्पे झाले की पुढच्यासाठी दहा डॉलर मागायचा, आणि इंटरनेट कायम चालू लागायचं. उतरवला खूप जणांनी, पैसे थोड्यांनीच दिले. अपेक्षेएवढी कमाई झाली नाही हे कंपनीनेच मान्य केलं. फुकट मिळणारा, पण आत नशिबाच्या सोडतीसारखी पात्रं विकणारा त्यांचाच फायर एम्ब्लेम हिरोज जास्त कमावून गेला. मला एकदा पैसे घेऊन मोकळं होणारी पद्धत प्रामाणिक वाटते. पण आमचा सगळा अनुभव पन्नास रुपयांच्या गेमचा होता आणि दहा डॉलर हा आकडा इथल्या फोनवर चालणार नाही हे आमच्याकडच्या शिपायानेही सांगितलं असतं.

पोकेमॉन गो, म्हणजे फोन घेऊन रस्तोरस्ती फिरत प्राणी पकडायचा गेम, त्याच वर्षीचा. तो नियान्टिकने केला, निन्टेंडोने नव्हे, हे प्रोजेक्टमध्ये नीट लिहा. निन्टेंडोचा शेअर आधी चढला आणि कमाईत आपला वाटा मर्यादित आहे असं निन्टेंडोने सांगितल्यावर आपटला. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये जिओबरोबर आला. मुंबईतली पोरं त्याआधीच बाहेरून फाईल आणून शिवाजी पार्कात फोन धरून फिरत होती.

सिनेमाला तर बटणच लागत नाही. १९९३ चा मारिओचा सिनेमा बाहेरच्यांनी केला आणि आपटला. २०२३ च्या ॲनिमेशनपटात मारिओचे जनक शिगेरू मियामोतो स्वतः निर्माते म्हणून बसले आणि जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. माझ्या भाचीने आजवर कन्सोलला हात लावलेला नाही, पण लुइजी घाबरट आहे आणि तो मारिओचा भाऊ आहे हे तिला माहीत आहे. २०२१ मध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये मारिओच्या दुनियेचा अख्खा विभाग उभा राहिला, तोही याच हिशोबाने. सोनीने २०२० पासून आपले मोठे गेम पीसीवर आणले, सेगाने २००१ मध्ये यंत्र बनवणंच सोडलं आणि त्यांचं लाडकं पात्र सॉनिक सगळ्यांच्या यंत्रांवर पळायला लागला. ही दोन उदाहरणं सगळेच देतात, पण पीसीवर येणं म्हणजे खेळणाऱ्याला दुसऱ्या खोलीत गाठणं. न खेळणारा तिथे येत नाही.

परदेशी नावांत अडकायचीही गरज नाही. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये लूडो किंग काढला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी चिपळूणची मावशी, आई आणि अमेरिकेतला मामेभाऊ एका पटावर बसले होते. फासा टाकायचा, सोंगटी पुढे न्यायची. नियम कोणालाच सांगावे लागले नाहीत, कारण ते लहानपणीच शिकून झाले होते.

आता भांडणाचं. गेल्या वर्षी आमच्या जुन्या ऑफिसचा मेळावा दादरला झाला. लीड आला होता. जेवताना मी विषय काढला तर तो म्हणाला, "कँडी क्रश खेळणाऱ्या बायकांना तू गेमर म्हणणार का?" म्हणणार. मायक्रोसॉफ्टने ज्या ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीसाठी ६८७० कोटी डॉलरचा सौदा केला, त्या कंपनीत कँडी क्रशवाली किंग आहे, आणि मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स ज्यांच्या घरात नाही ती माणसं किंगकडे आहेत हे मायक्रोसॉफ्टने लपवलं नव्हतं. रंगीत खडे जुळवायचा गेम आमच्याकडेही होता. आपला गिऱ्हाईक कोण हे आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी न जाता ठरवलं.

त्याची बाजूही सांगायला हवी. बिल्डमध्ये एक चित्र बदललं तरी शे-दीडशे सेटांवर पुन्हा टेस्टिंग करावं लागे आणि डिलिव्हरीला आठ दिवस होते. त्या कारणाने त्याने नकार दिला असता तर मी गप्प बसले असते. दुसरं, असा जोडलेला प्रेक्षक टिकतोच असं नाही. वी घेतलेली घरं पुढे फोनवर रमली आणि वीनंतरचा कन्सोल वी यू १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबला. तिसरं जास्त महत्त्वाचं : नवख्या माणसाची अडचण काढणं आणि त्याच्या नवखेपणाचा फायदा घेऊन सोडती विकणं यात फरक आहे. बेल्जियमने अशा सोडतींवर बडगा उगारल्यावर निन्टेंडोला २०१९ मध्ये दोन मोबाइल गेम तिथून काढावे लागले. आपल्याकडे २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर कायद्याने बंदी आली, आणि मला ती योग्य वाटते.

प्रोजेक्टसाठी लोकांशी बोलणार असाल तर कॉलेजच्या कट्ट्यावर फॉर्म वाटू नका. दुपारी दोन-अडीचच्या स्लो लोकलचा लेडीज डबा गाठा. तुम्ही मुलगा असाल तर बहिणीला पाठवा. आणि 'तुम्ही गेम खेळता का' असं विचारू नका, सगळ्या नाही म्हणतील. आधी शेजारी बसा, त्यांच्या फोनवर काय चाललंय ते दिसेलच. मग विचारा, "काकू, हा कितवा टप्पा?"