बाटली वाचता येते, मग स्वतःला?

"मॅडम, माझ्याच्यानं हे होणार नाही." पीएचडी करणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली की हे वाक्य हमखास येतं. म्हणून हा एक अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती हरभऱ्यावर काम करायची. टिश्यू कल्चर, म्हणजे वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोप वाढवणं, आणि ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत त्यात नवा जनुक घालणं. हरभरा या कामात भारी हट्टी. त्यात तिसऱ्या वर्षी सतत कंटॅमिनेशन, म्हणजे बाटल्यांत बुरशी-जिवाणू शिरणं. मैत्रिणी नोकरीला लागलेल्या, घरी लग्नाचा विषय.

"पुन्हा बॅच गेली. मी निकामी आहे."

तीन भेटी मी समजावलं. ती मान डोलवायची आणि तशीच परत जायची. चौथ्या भेटीत मी म्हटलं, "बाटल्यांचे फोटो दाखव. काय दिसतंय यात?"

तिचा आवाजच बदलला. "ही पांढरी बुरशी कडेला आहे, तुकड्यापासून लांब. म्हणजे हवेतून, नाहीतर काम करताना पडली. या दुसरीत तुकड्याच्या बुडाशीच दुधाळ वलय आहे. जिवाणू तुकड्याबरोबरच आलेत, निर्जंतुकीकरण कमी पडलं."

"दोन्ही खराबच ना? निकामी म्हण आणि सोड."

"असं कसं? कुठून सुरू झालं ते बघितलं नाही तर सुधारणार काय?"

बोलता बोलता ती थांबली. बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "स्वतःला मात्र मी न बघताच फेकून देते."

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण हे तिला शिकवायचं नव्हतंच, ते रोज तिच्या हातात होतं. मला फक्त विषय बदलायचा होता. त्या दिवशी मला माझ्या कामाचा खरंच अभिमान वाटला.

तेव्हा मुलांनो, वहीत नुसतं "बॅच गेली" लिहू नका. किती बाटल्या, कितव्या दिवशी, कुठून, हे लिहा. गाईडकडे रडगाणं नको, एक नेमका प्रश्न घेऊन जा. आणि प्रयोग फसला म्हणजे विचार चुकला असं नाही. 1902 मध्ये हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञानं सुट्या पेशींपासून अख्खी वनस्पती घडू शकेल असं मांडलं. त्याच्या पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. विचार बरोबर होता. पेशी विभागायला लागणारी संप्रेरकं तेव्हा कुणाला माहीतच नव्हती. आईवडिलांनीही "कधी संपणार?" ऐवजी "सध्या कुठं अडलंय?" असं विचारावं. आणि झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलंच असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना भेटा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला.

सहा महिन्यांनी तिचा मेसेज आला: "कोंब आलेत, मुळं नाहीत. म्हणून साध्या हरभऱ्याच्या रोपांवर कलम केलं. पाचांतले दोन धरले. उरलेले तीन का गेले ते बघतेय."