पैज कोण जिंकलं? रोडरोलर की ट्रॅक्टर

प्रश्न (एक वाचक, नाशिक): मे महिन्यात मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. एका रविवारी त्याने एल्सबरीजवळच्या क्वेन्टन रोड स्टेशनात, बकिंगहॅमशायर रेल्वे सेंटरला नेलं. वाफेच्या गाडीत दोन चकरा मारल्या ते झालंच, पण मी अडकलो यार्डातल्या एका छोट्या हिरव्या गाडीपाशी. पुढे धुराडं, बाजूला गरगर फिरणारं मोठं चाक, पितळी पट्टीवर ‘गॅरेट’. मी म्हटलं हा तर आपला पीडब्ल्यूडीचा रोडरोलर, मुलगा म्हणतो नाही बाबा, स्टीम ट्रॅक्टर. जेवणाची पैज लागलीय. आणि रेल्वेच्या म्युझियममधे ट्रॅक्टर कशाला म्हणतो मी?

उत्तर: जेवण तुम्हालाच द्यावं लागणार काका, पण साधी थाळी द्या, कारण निम्मे तुम्हीही बरोबर आहात. ही दोन सख्खी भावंडं आहेत. तसाच बॉयलर, त्याच्या डोक्यावर सिलिंडर, तिथून क्रँक (पुढेमागे हालचालीचं गोल फिरणं करणारा दांडा), मग गिअर करत करत ताकद मागच्या चाकांना, आणि तुम्ही बघितलेलं गरगर फिरणारं चाक म्हणजे फ्लायव्हील, त्याच्यावर पट्टा चढवला की मळणीयंत्र नाहीतर करवत चालायची. ओळखायचं असेल तर पुढे वाकून बघायचं. रोलरला पुढे जाडजूड लोखंडी रूळ, ट्रॅक्टरला साधी दोन चाकं. तुमच्या डोक्यात रोलर आला यात नवल नाही, टाटांच्या टेल्को कंपनीने 1948 मधे इंग्लंडच्याच मार्शल कंपनीसोबत वाफेचे रोडरोलर काढले होते. गॅरेट म्हणजे सफोकमधल्या लायस्टनचा कारखाना.

ती गाडी एवढी छोटी का, यामागे कायदा आहे. 1865 च्या कायद्याने रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीला किमान तीन माणसं लागायची, त्यातला एक लाल झेंडा घेऊन साठ यार्ड पुढे चालणार, आणि वेग गावात ताशी 2 मैल, बाहेर 4. म्हणजे चालत गेलेला माणूस आधी पोचणार! 1896 ला हे जाच सुटले, पण सवलत फक्त हलक्या गाड्यांना, आधी 3 टनांच्या आतल्या आणि पुढे काही वर्षांनी 5 टनांच्या. मग काय, कारखान्यांनी एकट्या माणसाला हाकता येईल अशी आटोपशीर इंजिनं काढली, लाकडाचे ओंडके, फर्निचर, असलं काय काय ओढायला. एकटा माणूस म्हणजे कोळसा त्यानेच टाकायचा, बॉयलरमधे पाणी किती ते दाखवणारी काच त्यानेच बघायची आणि स्टिअरिंगही त्याच्याकडेच, ते साखळीवर चालतं त्यामुळे साध्या वळणाला चाक किती वेळा गरागरा फिरवावं लागतं ते तुम्ही बघितलंच असेल. पाणी कमी पडलं तर भट्टीच्या माथ्यावरची शिशाची गुडदी (बूच) वितळते, वाफ आत शिरून आग दबते आणि बॉयलर वाचतो. मला तरी अख्ख्या गाडीत ती गुडदीच सगळ्यात आवडते.

आता रेल्वेत ट्रॅक्टर कशाला. अहो, तुम्ही बरोबर त्याच जागी उभे होतात! आधी शेतावरचं वाफेचं इंजिन एका गावातून दुसऱ्या गावी घोडेच ओढून न्यायचे. केंटमधल्या थॉमस अ‍ॅव्हलिंगला हे हास्यास्पद वाटलं, शिडाच्या होड्यांनी आगबोट ओढावी तसं, म्हणून त्याने 1859 मधे साखळी लावून इंजिनाची ताकद त्याच्याच चाकांना दिली. क्वेन्टन रोडवरून ड्यूक ऑफ बकिंगहॅमची वॉटन ट्रामवे ही छोटी रेल्वे लाइन निघायची, सुरुवातीला घोड्यांवर, आणि 1872 मधे तिच्यासाठी अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टरकडून, म्हणजे याच थॉमसच्या कंपनीकडून, जे इंजिन आलं ते चक्क ट्रॅक्टरचाच अवतार, फ्लायव्हीलसकट, साखळीसकट, फक्त खाली रुळावरची चाकं. ती लाइन 1935 ला बंद झाली, पण इंजिन लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. पुढच्या ट्रिपला मुलाला तेच दाखवायला सांगा, थाळी वसूल होईल.

प्रश्न (एक वाचक, सांगली): मग वाफेच्या ट्रॅक्टरने नांगरट का करत नव्हते?

उत्तर: करायचे, पण इंजिन वावरात नेत नव्हते. एवढं वजन ओल्या जमिनीत रुतणार, नाहीतर माती दाबून टाकणार. लीड्सच्या जॉन फाउलरच्या कारखान्याची जोडी प्रसिद्ध, एक इंजिन या बांधावर, दुसरं त्या बांधावर, दोघांच्या पोटाखाली तारेच्या दोराचा मोठा ड्रम, आणि नांगर मधल्यामधे इकडून तिकडे ओढला जायचा, वर एक माणूस बसून. नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, ओढून झालं की दोन्ही इंजिनं जराशी पुढे सरकायची, शिट्टी व्हायची, की परत सुरू.