संगमरवरासाठी कर्ज नको, फरशीखालच्या कामात काटकसर नको

प्रश्न : आमच्या बाथरूमची फरशी जुनी झाली आहे आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसू लागली आहे. घरात बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. तीन पर्याय आहेत. जुन्या टाइल्सवरच व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची पातळ फरशी, चिकटवणं; सगळं तोडून मॅट विट्रिफाइड टाइल्स बसवणं, किंवा तोडून संगमरवर घालणं. टाइल्सच्या कामाचा एकूण खर्च १०० धरला तर व्हिनाइल ३० मध्ये होतं आणि संगमरवर १६० पर्यंत जातो. आमची शिल्लक आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. टाइल्सच्या कामाला त्यातली दोन महिन्यांची रक्कम लागेल. संगमरवरासाठी वरचे ६० तीन वर्षांच्या पर्सनल लोनमधून भरायचे, असं यजमान म्हणतात. ‘एकदाच करायचं तर मनासारखं करू’ हे त्यांचं म्हणणं. काय करावं?

उत्तर : विट्रिफाइड टाइल्स घ्या, कर्ज काढू नका आणि काम पुढे ढकलू नका. पण तुम्ही सोबत पाठवलेलं अंदाजपत्रक मात्र आहे तसं मंजूर करू नका, कारण खरी अडचण तिथेच आहे.

त्या १०० मध्ये टाइल्सची किंमत फक्त २५ आहे. बेसिन, नळ आणि आरसा मिळून १५. उरलेले ६० तोडफोड, मलबा, पाइप, वॉटरप्रूफिंग, ढाळ आणि मजुरीचे. या साठात वॉटरप्रूफिंगचे ५, तेही एकाच ओळीत. कोणतं मटेरियल, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, याचा उल्लेखच नाही. ज्या कारणासाठी सगळं घर धुळीत बसणार आहे, त्या कारणावर सर्वात कमी पैसे लावलेत.

असं काम ठरवताना मी एकच गोष्ट आधी बघतो : पुढे फरशी किंवा भिंत न फोडता काय बदलता येतं आणि काय येत नाही. बेसिन दोन वर्षांनी बदलता येईल, आरसा कधीही. वॉटरप्रूफिंग, जाळीकडे जाणारा ढाळ, भिंतीतले पाइप हे मात्र आत्ताच नीट झालं पाहिजे. म्हणून बेसिन-नळांचे १५ आज मोकळे करा. काही वॉटरप्रूफिंगकडे वळवा, बाकीचे हाताशी ठेवा. फरशी उखडल्यावर खालचा पाइप गंजलेला किंवा तडकलेला निघणं हे नेहमीचं आहे, आणि त्या दिवशी हातात पैसे नसतील तर गवंडी तडजोड करून पुढे जातो.

आता व्हिनाइल. ते वाईट नाही. खालची फरशी कोरडी आणि पक्की असेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर मीसुद्धा तेच सुचवलं असतं. पण तुमच्याकडे पाणी झिरपतंय. व्हिनाइलला पाण्याने काही होत नाही, पण सांध्यांतून आणि कडेने पाणी खाली जातं आणि तिथेच अडकतं. ओल चालूच राहील, फक्त तुम्हाला दिसणार नाही. काही वर्षांत तोडायची वेळ येईलच, तेव्हा आजचे ३० वाया जाऊन वर १०० लागतील, आणि तेही त्या वेळच्या भावाने. शिवाय खालच्यांच्या छताची दुरुस्ती वेगळी. हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचं नुकसान अनेक गृहविमा पॉलिसी भरून देत नाहीत. तुमची पॉलिसी असेल तर हे कलम आजच वाचून घ्या.

संगमरवराबद्दल यजमानांचा मुद्दा मला पटतो. हे काम वारंवार होत नाही. हप्ताही झेपेल. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर तो महिन्याच्या घरखर्चाच्या चार टक्क्यांच्या आसपास येतो. पण तीन वर्षांत ६० वर सुमारे १२ व्याज जाईल, म्हणजे १६० चं काम १७२ ला पडेल. शिल्लक दोन महिन्यांनी कमी झालेली असतानाच हा हप्ता सुरू होईल, हेही लक्षात घ्या. आणि या ७२ मधून मिळतं काय? संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. बाथरूम साफ करायच्या आम्लयुक्त द्रवाने त्याची चकाकी जाते. तो पाणी शोषतो, म्हणून सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, ठरावीक काळाने पुन्हा लावावा लागतो. पॉलिश केलेला असेल तर ओला झाल्यावर घसरडा होतो, आणि घसरू नये म्हणून पॉलिश काढलं तर ज्या झळाळीसाठी कर्ज काढलं तीच गेली. बैठकीच्या खोलीसाठी पैसे साठवून संगमरवर घ्या, मी अडवणार नाही. सासूबाई रोज ओल्या पायांनी जिथे वावरतात तिथे नको.

चांगल्या पोर्सिलेन-विट्रिफाइड टाइलचं पाणी शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स १० टक्क्यांहूनही जास्त शोषतात, तेव्हा स्वस्त पडतात म्हणून त्या जमिनीवर घालू देऊ नका. घसरण्याबाबत दुकानदार ‘आर ९’ ते ‘आर १३’ असा आकडा सांगेल; आकडा मोठा तशी पकड जास्त. ही चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर होते. तुमच्यासाठी ‘आर १०’ किंवा ‘आर ११’ ठीक, पण त्याहून उपयोगाची आहे अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्यावरची चाचणी. तिच्यात ए, बी, सी अशा चढत्या श्रेणी असतात. शॉवरच्या जागेसाठी बी मागा. नमुन्याची टाइल घरी आणा, साबणाचं पाणी ओता आणि अनवाणी पाय ठेवून बघा.

आकाराचाही खर्चाशी संबंध आहे. मोठ्या टाइल्स देखण्या दिसतात, पण जाळीच्या चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर त्या कापाव्या लागतात, तुकडे वाया जातात. शॉवरखाली लहान आकार घ्या. ढाळ नीट बसतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकडही मिळते. सांध्यांत मात्र इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग आहे, भरायलाही कौशल्य लागतं, पण ते पाणी आणि डाग शोषत नाही. पैसे कमी पडले तर इपॉक्सी फक्त जमिनीला वापरा, भिंतीला साधं चालेल.

एक गोष्ट तोडफोडीच्या आधी. ओल फरशीतून येते की दाबाच्या पाइपातून, हे प्लंबरकडून पाइपात दाब धरून तपासून घ्या. दोष पाइपात निघाला तर नव्या फरशीने गळती थांबणार नाही.

पैसे टप्प्यांत द्या. वॉटरप्रूफिंग वाळल्यावर, टाइल्स बसण्याआधी, जाळी बंद करून किमान २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. हे झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, असं कामाआधीच लिहून घ्या. शेवटचा हप्ता टाइल्स बसून, पाणी कुठेही न साचता जाळीकडे जातंय हे बघून द्या. टाइल्स मोजमापापेक्षा १० टक्के जास्त घ्या, तिरप्या बसवणार असाल तर १५. सगळ्या खोक्यांवर एकच बॅच क्रमांक असू द्या आणि एक खोकं न उघडता ठेवा; नंतर तीच छटा मिळत नाही.

शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चावर येईल. मी साधारण तेवढीच ठेवायला सांगतो, म्हणून हा खर्च तुम्हाला परवडतो. कर्ज घेतलं असतं तर जो हप्ता गेला असता तेवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाका. बेसिन आणि नळ त्यातून येतील. सासूबाईंसाठी कमोड आणि शॉवरजवळ आधाराचे दांडे मात्र याच कामात बसवून घ्या. भिंतीत त्यांची जागा टाइल्स लागण्याआधीच ठरवावी लागते, आणि तुमच्या अंदाजपत्रकात ते कुठेच नाहीत.