गुडघेदुखीवर ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनी खरंच फरक पडतो का?

तुमची आई ६१ वर्षांची, डॉक्टरांनी गुडघ्याची झीज सांगितलीये आणि तुम्ही विचारताय की ग्लुकोसामाइन कुठल्या ब्रँडचं आणि किती महिने द्यायचं. माझं स्पष्ट मत, देऊच नका. का ते सांगते, जरा लांबेल.

माझी आई माळकरी. फलटणला असते, मलाही त्याच गावात दिलीये. चौदा वाऱ्या पायी केलेली बाई, दिवे घाट अभंग म्हणत चढायची, आणि साठी उलटल्यावर गुडघ्यांनी असं धरलं की देवापुढं पाटावर बसणं बंद, खुर्ची आली. दादा न्यू जर्सीला. त्याला कळल्यावर त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर ग्लुकोसामाइनच्या बाटल्या पाठवायला सुरुवात केली. रोजचा डोस १५०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या, आणि गोळी ही एवढी मोठी, खारकेच्या बीएवढी. आईच्या घशाखाली उतरेना म्हणून ती अडकित्त्यानं तुकडे करून घ्यायची. दोन वर्षं. एकादशीलासुद्धा, भगर खाऊन झाली की वर गोळी.

मग उन्हाळ्यात दादाचा मुलगा आला. त्याला दिसेल ते वाचायची सवय, बाटली फिरवून मोठ्यांदा म्हणाला, आजी, यात श्रिम्प आणि क्रॅब आहे. आईला कळेना तर त्यानं मोबाइलवर खेकड्याचा फोटोच दाखवला. आई काही बोलली नाही. हात माळेवर गेला. मग उठून अडकित्ता मोरीत नेला, आधी राखेनं घासला, मग चिंचेनं घासला, आणि बाटली नेऊन दाराबाहेर चपलांच्या रॅकमध्ये ठेवली. दादा फोनवर म्हणे, अगं प्रोसेस झाल्यावर त्यात काय राहतंय. अरे पण कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचापासून बनतं हे पाठवायच्या आधी तू नको का बघायला? लेबलवर लिहिलेलं असतं.

गोळ्या बंद झाल्या आणि मला वाटलं आता दुखणं उसळणार. काही झालं नाही. जेवढं होतं तेवढंच. म्हणून मग मी वाचायला बसले. अमेरिकेत सरकारी पैशातनं एक मोठी ट्रायल झाली होती, २००६ साली छापून आली, १५८३ माणसं, २४ आठवडे. ग्लुकोसामाइनवाल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं. भारी ना? पण नुसत्या खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीही ६० टक्के लोकांचं कमी झालं! त्यामुळं शेजारच्या काकूंना फरक पडला, अमक्याच्या सासूबाईंना पडला, हे मला सांगू नका, पडणारच. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१९ च्या गाइडलाइनमध्ये गुडघ्यासाठी हे वापरू नका असं ठासून सांगितलंय. ज्या देशातनं बाटल्या येतात त्याच देशातले डॉक्टर, दादा.

आईला फरक पडला तो फिजिओमुळं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा आकडे मोजायचे, मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आई आकडे मोजत नाही, दहा वेळा रामकृष्णहरी म्हणते. पहिला महिना मी रोज संध्याकाळी जाऊन करून घेतलं, स्वतःचा स्वयंपाक ठेवून. शिवाय संध्याकाळचा भात सोडून वजन सहा किलोनं उतरलं, आणि वजन एक किलोनं कमी झालं की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. आठ महिन्यांनी बाई जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. तर दादाचं म्हणणं काय, हा दोन वर्षं घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम, उशिरा दिसतोय! अजून तेच म्हणतो, सगळ्या पाहुण्यांत. आता कोलॅजेनची पावडर आणणारे. आईनं फोनवर एवढंच विचारलं, कशाची असते रे ती?

बरं, मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. युरोपातले काही डॉक्टर यातला सल्फेटचा एक प्रकार अजून देतात, आणि त्याच ट्रायलमध्ये जास्त दुखणाऱ्या थोड्या लोकांना कॉन्ड्रॉइटिन नावाच्या अशाच दुसऱ्या गोळीबरोबर दिल्यावर फायदा दिसला होता, हे दादा सांगायच्या आधी मीच सांगते. बुरशीपासून बनवलेलं शाकाहारीही मिळतं. पण तुमच्या आईला रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तरी नको. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला असेल तर इथं विचारत बसू नका, दाखवून या.

ब्रँडचं विचारलंत ना, बाटली अजून चपलांच्या रॅकमध्येच आहे, बघून सांगता येईल, पण सांगणार नाही.