दोन झुरके आणि रात्री नऊचा आकडा

"ताई, मी चौदा वर्षं रोज पंधरा सिगारेटी ओढत होते. सकाळी डोळे उघडले की दहा मिनिटांत पहिली. सोडली त्याला आज ५३ दिवस झाले. आमचा पाच जणांचा गट आहे, सगळे सिगारेट सोडलेले. रात्री नऊला प्रत्येकजण आपापला आकडा टाकतो, बाकीचे शाबासकी देतात. ४७ व्या दिवशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं आणि ऑफिसच्या जिन्यात एका सहकाऱ्याच्या सिगारेटचे दोन झुरके मारले. रात्री मात्र ४७ लिहिलं. पन्नाशीला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. चार वर्षांपूर्वी सोडलेले दादा गटात सगळ्यांत जुने. त्यांनी नव्याने आलेल्या मुलाला माझं उदाहरण दिलं. काल पाकीट विकत घेतलं, एक ओढली, नऊ पर्समध्ये आहेत. खरं बोलले तर तो मुलगा खचेल आणि नाही बोलले तर मीच खचतेय. ता. क. : निकोटिन गम घेत होते, २ मिलिग्रॅमचा, दिवसाला चार-पाच. उचक्या लागायच्या, छातीत जळजळायचं. शिवाय गटातलं कुणीतरी म्हणालं की तेही निकोटिनच की! म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद केला."
– खोट्या आकड्यातली

आधी त्या नऊ सिगारेटींचं बघू. पाकिटासकट नळाखाली धरा, पुरत्या भिजू द्या, कुस्करा आणि मग कचऱ्यात टाका. कोरड्या टाकू नका. तलफ आली की माणूस कचऱ्याचा डबाही उकरतो. ओळखीच्या कुणाला देऊनही टाकू नका, कारण दिलेलं पाकीट परत मागता येतं. लायटर घेतला असेल तर त्याचीही रवानगी करा. एवढं करून या, पुढचं नंतर वाचा.

आता तुमचा प्रश्न. सांगा. आजच सांगा, रात्री नऊच्या आत. खरेपणा हा मोठा गुण आहे म्हणून नाही. घाईचं कारण अगदी व्यवहारी आहे. सोडल्यानंतर एखादा झुरका मारणाऱ्यांपैकी बहुतेकजण काही दिवसांत किंवा आठवड्यांत रोजच्या ओढण्यावर परत येतात. झुरका आणि रोजचं पाकीट यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते, तुम्ही आत्ता तिथे उभ्या आहात. ४७ व्या दिवशी दोन झुरके दुसऱ्याच्या सिगारेटचे होते, ५२ व्या दिवशी पाकीट स्वतःचं. मधले पाच दिवस गटातल्या एकालाही तुमची खरी अवस्था माहीत नव्हती, त्यामुळे कुणाला मदत करता येणंच शक्य नव्हतं. शाबासकी त्या आकड्याला मिळत होती, तुमच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

घसरल्यावर मनात काय चालतं, याचा ॲलन मारलॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बारकाईने अभ्यास केला. झुरक्याने होतं त्याहून मोठं नुकसान त्या झुरक्याचा आपण जो अर्थ लावतो त्याने होतं, असं त्याचं म्हणणं. "भांडणानंतर जिन्यात थांबले, समोर सिगारेट आली, घेतली" ही झाली घटना. "माझ्यात दमच नाही, सगळं वाया गेलं" हा झाला निकाल. घटनेवर उपाय करता येतो. पुढच्या वेळी जिना टाळता येतो. निकालावर उपाय नसतो, म्हणून माणूस पाकीट घेतो. तुमच्या पत्रात काल नेमकं हेच घडलेलं दिसतं.

आणि सगळं वाया गेलेलं नाही, हे मन राखायला म्हणत नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे एका सिगारेटचं निकोटिन दिवसाभरात जवळपास संपतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. सोडल्यावर त्या कमी होत होत साधारण ६ ते १२ आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला येतात. तुम्ही सातव्या आठवड्यात घसरलात, बरीच उतरण उतरून झाल्यावर. मात्र कालच्या सिगारेटने जुनी वाट पुन्हा पायाखाली आणली आहे. पुढचे तीन-चार दिवस तलफा वाढलेल्या जाणवतील. ते अपेक्षित धरा, त्याने घाबरू नका.

सांगायचं कसं? एकदम चौघांसमोर लिहायला बोटं अडखळतील. आधी दादांना फोन करा. मेसेज नको, फोनच. वाक्य तयार ठेवा, नाहीतर हवापाण्यावर बोलून फोन ठेवाल: "दादा, ४७ व्या दिवशी दोन झुरके आणि काल एक सिगारेट ओढली. पाकीट भिजवून टाकलंय. आज ओढलेली नाही. रात्री गटात मीच लिहिणार आहे, आधी तुम्हाला सांगितलं." यात कारणमीमांसा नाही आणि माफीही नाही, ती मुद्दाम गाळली आहे. माफी मागितली की समोरच्याला समजूत काढत बसावं लागतं आणि बोलणं झुरक्यावरून भावनांवर जातं. रात्री तेच वाक्य गटात.

आकड्याचं म्हणाल तर दोन्ही लिहा. ५३ पैकी ५१ दिवस बिनधुराचे, सलग आजपासून १. काही गट घसरलेल्याला सरळ शून्यावर आणतात. मला ते पटत नाही. शून्य दिसलं की "आता गेलंच आहे, तर आजचा दिवस ओढून घेऊ" हा विचार हमखास येतो. पण नुसतं ५३ लिहिणंही खोटं, तेवढ्याने पुन्हा लपवालपवी सुरू होते.

दादा रागावले तर? चार वर्षं झालेल्या माणसाला सुरुवातीचे दिवस धूसर आठवतात. "मला तर आठवड्यात काही वाटेनासं झालं" असं ते मनापासून म्हणतात आणि ऐकणारा स्वतःला कमकुवत समजू लागतो. रागावले तर एवढंच म्हणा, "मला या चार दिवसांत फोन उचलणारं कुणीतरी हवंय, तुम्ही उचलाल का?" कामाची विनंती समोर आली की राग बहुधा बाजूला राहतो. तरीही नाही जमलं, तर तंबाखू सोडवणाऱ्या समुपदेशकाकडे जा. एकट्याने घेतलेलं समुपदेशन गटापेक्षा कमी पडतं असं दिसलेलं नाही. एकट्याने नुसतं वाचून, ठरवून सोडण्यापेक्षा दोन्ही सरस ठरतात.

तुमचा गट मोडू नये असं मला फार वाटतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या आरोग्य-पाहणीतल्या १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ च्या नोंदी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. लोक सुटेसुटे सोडत नव्हते, एकमेकांशी जोडलेले घोळकेच्या घोळके सोडत होते. जोडीदाराने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली दिसली, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसाच्या सोबतीत एवढं बळ असतं. जिन्यात उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या सोबतीतही असतं, फक्त ते उलट दिशेला ओढतं. त्याच्याशी वैर नको, पण निदान महिनाभर त्याच्याशी बोलणं टेबलापाशी, जिन्यात नाही.

गटाची खरी उणीव मला इथे दिसते: तुम्ही रात्री नऊला एकत्र येता आणि तलफ येते दुपारी चारला. एकेक तलफ काही मिनिटांत चढते आणि ओसरते. त्या मिनिटांत जो आवाज कानावर पडतो तो कामाचा, रात्रीचा अंगठा नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून एक ठरवा. तलफ आली की तीनच गोष्टी लिहायच्या: "तलफ, ८, जिना." शब्द, दहापैकी किती, आणि कुठे. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने फोन करायचा. दोन मिनिटांत फोन आला नाही तर लिहिणाऱ्याने स्वतः फोन लावायचे, ठरलेल्या क्रमाने तीन नंबर. तीन यासाठी की एक मीटिंगमध्ये असतो आणि एक झोपलेला.

फोन करणाऱ्याने उपदेश करायचा नाही. फुप्फुसं, मुलंबाळं, इच्छाशक्ती यातलं काही काढायचं नाही; तलफेतल्या माणसाला हे सगळं पाठ असतं. विचारायचं, "कुठे उभी आहेस? तिथून निघ, चालता चालता बोल. पाणी आहे का जवळ? घोट घोट पी." मग दहा मिनिटं कशावरही बोला. दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं, आता दहापैकी किती? आठाचे तीन झालेले स्वतःच्या तोंडून ऐकले की तलफ ओसरते यावर विश्वास बसतो. पाच-सहा वेळा असं झालं की फोन आपोआप कमी होतात.

कुणी घसरलंच, तर २४ तासांत सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या दिवशी तीनच प्रश्न विचारायचे: कधी, कुठे, आता जवळ काही आहे का. "का ओढलीस?" हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. त्याचं उत्तर देताना माणूस एक तर स्वतःला फाडून काढतो किंवा सबबी रचतो. का ते दोन दिवसांनी शांतपणे बघता येतं. बहुतेक वेळा भूक, राग, एकटेपणा किंवा थकवा यातलं काहीतरी निघतं. तुमच्या बाबतीत राग तर होताच, पण त्या दुपारी जेवला होतात का, हेही आठवून बघा.

आता गम. "तेही निकोटिनच" हे गटातलं वाक्य बरोबर आहे आणि सल्ला चुकीचा. सिगारेटच्या झुरक्याचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, त्या झटक्याने व्यसन घट्ट होतं. गममधलं हळूहळू चढतं आणि सोबत धूर, डांबर, कार्बन मोनॉक्साइड काही आणत नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा गम सुचवतात. तुमची तर दहा मिनिटांत होती. आणि पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, दिवसाला किमान नऊ घ्यायचे असतात. २४ च्या वर जायचं नाही. तुम्ही निम्मी ताकद निम्म्याच वेळा घेतलीत आणि निम्म्या वाटेवर बंद केलीत.

उचक्यांचं कारण चघळण्यात आहे. हा गम साध्या च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. सावकाश चावा, मिऱ्यासारखी तिखट चव किंवा चुणचुण आली की थांबा. गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. मिनिटभरात चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदलून पुन्हा दाबून ठेवा. अर्धा तास असं चालतं. निकोटिन तोंडातल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. भराभर चघळलं की लाळेबरोबर पोटात जातं. तिथे उचक्या, जळजळ, मळमळ होते आणि तलफेला उपयोग जवळपास शून्य. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेय नको. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही.

पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम एकत्र घेणं एकट्या गमपेक्षा जास्त लागू पडतं. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्यांना साधारणपणे २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, ७ चा दोन आठवडे देतात. तुम्ही मध्ये पन्नास दिवस काढले आहेत, तेव्हा कुठल्या पायरीवरून सुरू करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. हृदयाचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको. एक लक्षात ठेवा: उपचार चालू असताना घसरलात तर उपचार बंद करू नका. बरेचजण अपराधी वाटून नेमके तेव्हाच थांबवतात.

कॉफीचा उल्लेख पत्रात नाही, पण पीत असाल तर निम्मी करा. सिगारेटचा धूर यकृताला कॅफीन भराभर मोडायला लावतो. धूर थांबला की तेवढीच कॉफी रक्तात जवळपास दुप्पट साचते. हात थरथरतात, झोप उडते आणि ते सगळं तलफेच्या खाती जमा होतं. थिओफायलिन (दम्यावरचं), क्लोझापिन, ओलांझापिन (मानसिक आजारांवरची) यांसारखी औषधं चालू असतील तर त्यांची मात्राही डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण तेच आहे. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर ती एकटीने सोसू नका, दाखवा.

राहिला तो मुलगा. तो नवाच आहे, म्हणजे त्याचे पहिलेच काही दिवस चालू असतील. पहिल्या आठवड्यात त्रास सगळ्यांत जास्त असतो आणि त्या काळात त्याने गटात पाहिले ते फक्त चढते आकडे. त्याला दर तासाला तलफ येत असणार, चिडचिड होत असणार, आणि इतरांना असलं काही होत नाही, आपणच कच्चे, असं त्याला वाटत असणार. तुमच्या कबुलीने तो खचेल ही भीती मला उलटी वाटते. पन्नाशी गाठलेलं माणूस घसरतं, दुसऱ्याच दिवशी फोन उचलतं आणि पुन्हा १ लिहितं, हे त्याने अजून पाहिलेलं नाही. आज रात्री गटात लिहून झालं की त्याला वेगळा मेसेज करा. धीर देऊ नका, नुसतं विचारा: "तुला दिवसातली कुठली वेळ सगळ्यांत अवघड जाते?" त्याचं उत्तर आलं की उद्या त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी त्याला फोन लावा.