खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यालयाच्या टाकीत तपकिरी थर का धरतो? तो घालवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की मालवणात टाकी लावून तीन आठवडे झाले, पाणी जुलैत खाडीच्या मुखाजवळून आणलं, आणि आता रेती-काच तपकिरी झालीय. पुसली तरी दोन दिवसांत पुन्हा तशीच. घाबरू नका, हे बहुधा डायटम आहेत. एकपेशी शेवाळ, त्यांचं कवच सिलिकाचं (वाळूत असतं ते खनिज) असतं. पाण्यात विरघळलेला सिलिका मिळतोय तोवर ते वाढतात, तो संपला की आपोआप ओसरतात. त्यामुळे तो येतोय कुठून, हे आधी बघा.

मला संशय त्या पाण्याचाच आहे. पावसाळ्यात आपल्या नद्या डोंगरातलं पाणी खाडीत आणून सोडतात. त्याने खारटपणा उतरतो, गाळ येतो आणि विरघळलेला सिलिकाही येतो. रत्नागिरीत माझ्या पहिल्या टाकीत मीही ऑगस्टचं पाणी भरलं होतं. दोन महिने थर हटला नाही. शेवटी आरओ-डीआयच्या पाण्यात (आधी आरओच्या पडद्यातून गाळलेलं, मग डीआय रेझिनने उरलेले क्षार काढलेलं पाणी) मत्स्यालयाचं मीठ कालवून (लिटरला साधारण ३५ ग्रॅम, घनता १.०२५) थोडं थोडं पाणी बदलत गेलो, तेव्हा कुठे काच स्वच्छ राहू लागली.

नुसत्या घरच्या आरओवर मात्र विसंबू नका. थोडा सिलिका त्यातून निसटतोच, त्यापुढे डीआय कार्ट्रिज लागतं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य दिसलं तरी सिलिका असू शकतो, कारण त्याच्यावर विद्युतभार जवळपास नसतो आणि मीटरला तो कळत नाही. कार्ट्रिज संपत आलं की आधी निसटतो तोच. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरायलाही हेच वापरा, विहिरीचं गोडं पाणी नको; खडकातून झिरपताना त्यातही सिलिका उतरतो.

बाकी, दिवा सहा तासच ठेवा आणि दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलताना नळीने थर ओढून काढा. अमोनिया आणि नायट्राइट (नव्या टाकीत साठणारी विषारी द्रव्यं) शून्य झाल्यावरच शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी सोडा. शेवाळ मारायचं औषध कृपा करून घालू नका, टाकीत नुकते रुजणारे उपयोगी जीवाणू त्याने मरू शकतात. आणि खडक हवा म्हणून समुद्रातून प्रवाळ उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे.

थर भुकटीसारखा न दिसता बुळबुळीत दोऱ्यांचा, बुडबुडे अडकलेला असेल, तर ते डायनोफ्लॅजेलेट (दुसऱ्या प्रकारचे एकपेशी जीव) असू शकतात. नायट्रेट-फॉस्फेट (पाण्यातली पोषक द्रव्यं) पार शून्यावर गेले की ते अनेकदा उलट बळावतात, म्हणून तसं दिसलं तर पाणी बदलायचं थांबवा आणि आधी या दोन्हींची चाचणी करा.